अरविंदच्या डावीकडची जागा

फोन अरविंदच्याच नंबरवरून आला आणि त्याच्याच वेळेला आला, म्हणजे सकाळचा चहा संपून पेपर अर्धामुर्धा वाचून झालेला असतो तेव्हा. मी सवयीने "बोल" म्हटलं. पलीकडे नीलिमावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले. आज पहाटे. हॉस्पिसमध्ये." खरं सांगायचं तर 'गेले' या शब्दाच्या आधी मला 'हॉस्पिस' हा शब्द लागला. सगळी नोकरी कार्डिफच्या हॉस्पिटलात काढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको की हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्यांच्या शेवटच्या मुक्कामी, कुणी अचानक जात नाही. त्याआधी तपासण्या होतात, कन्सल्टंट खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात बोलतो, घरच्यांना कल्पना दिली जाते, बेडची वाट पाहावी लागते. म्हणजे हे सगळं झालं होतं, आणि मला, त्याच्या सगळ्यात जुन्या मित्राला, त्यातून डॉक्टर असलेल्या मित्राला, कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. मी काहीबाही बोलून फोन ठेवला. रडू नंतर आलं. आधी आला तो संशय.

तो माझा स्वभावच आहे. मी भूलतज्ज्ञ. "रात्रीपासून पोटात काही नाही हो डॉक्टर" असं म्हणणाऱ्या पेशंटवर भाबडेपणाने विश्वास ठेवला तर तो टेबलावर ओकणार आणि निस्तरायचं मला. म्हणून समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच आमच्या कामाला सुरुवात होते. निवृत्त झालो तरी ते काही सुटलं नाही. दाढी करताना यांचा आरशातल्या माणसावरही संशय असतो, असं माझी बायको म्हणते. अरविंद चारचौघांत माझी ओळख 'आमचे सीआयडी' अशी करून द्यायचा आणि स्वतःच हसायचा.

तो ब्रिस्टलला विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. पुण्याहून आला तो थेट त्या खात्यात चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. तिथली एक पद्धत त्याने घरी आणली होती. एखादा नट पक्का आवळून, मोजून, तपासून झाला की त्या नटावरून शेजारच्या धातूवर एक बारीक लाल रेघ ओढायची. पुढे नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पण अरविंदच्या लेखी रेघेचा अर्थ त्याहून मोठा होता. रेघ म्हणजे त्याची सही. मनासारखं झाल्याशिवाय तो ती मारत नसे आणि एकदा मारली की त्या कामाकडे पुन्हा बघत नसे. त्याच्या घरातल्या बॉयलरवर, सायकलीच्या सीटखाली, इतकंच काय कुकरच्या मुठीच्या स्क्रूवरसुद्धा लाल रेघा होत्या. वहिनी म्हणायच्या, "माझ्या कपाळावर तेवढी राहिलीय, तिथे टिकली आहे म्हणून."

रायफलीचं वेड कॉलेजातल्या एनसीसीपासूनचं. इकडे आल्यावर बरीच वर्षं ते दबून राहिलं. मग ब्रिस्टलच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत एका शेतकऱ्याशी ओळख झाली. त्याने लावलेली झाडं हरणं फस्त करत होती, त्याला नेमबाज हवा होता. अरविंदने रीतसर लायसन काढलं, परीक्षा दिल्या, पोलादी कपाट भिंतीत बसवून घेतलं आणि साठीच्या तोंडावर शिकारी झाला. इथल्या मराठी मंडळात बरीच कुजबुज झाली. गणपतीत आरतीचं ताट धरणारा माणूस हरणं मारतो म्हणजे काय, असं एकीने वहिनींना तोंडावर विचारलं. वहिनींनी स्वतः ते मांस कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. अरविंद गॅरेजमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर काळा मसाला घालून त्याचा रस्सा करायचा आणि आम्ही दोघं तिथेच स्टुलांवर बसून खायचो. रस्सा उत्तम असायचा, हे मी मंडळातही सांगितलं होतं.

मी बंदुकीला हात लावत नाही. मी नुसता बरोबर जायचो, दुर्बीण घेऊन. गवतात पालथं पडायचं, समोरच्या झाडीच्या कडेवर नजर ठेवायची आणि वाट पाहायची. माझी जागा ठरलेली, अरविंदच्या डावीकडे. लहानपणी कान फुटून माझा डावा कान कायमचा गेला. ऐकू येतं ते उजव्यानेच. डावीकडे पडलं की उजवा कान त्याच्याकडे व्हायचा आणि तो ओठ न हलवता जे पुटपुटायचा ते सगळं मला मिळायचं. पुण्यातली कॅन्टीनं, त्याच्या साहेबांची नक्कल, मुलांच्या काळज्या, मंडळातली भांडणं, कोण आजारी, कोण परत गेलं… हरीण येवो न येवो. त्याच्या रायफलीच्या टोकाला मॉडरेटर लावलेला असायचा, म्हणजे आवाज गिळणारं एक लांबट नळकांडं. इथे झाडून सगळे तेच वापरतात. त्यामुळे बार उडाला तरी माझ्या एकुलत्या एक कानाला छोटा बोळा पुरायचा.

गेल्या वर्षी त्याने तो मॉडरेटर काढला आणि मझल ब्रेक आणला. हा नळीच्या तोंडावर आट्यांवर बसणारा बोटभर पोलादी तुकडा असतो, दोन्ही बाजूंना खाचा असलेला. गोळीमागून येणारा वायू त्या खाचांतून बाजूला फेकला जातो आणि खांद्याला बसणारा धक्का बराच कमी होतो. पण तो वायू आणि त्याच्याबरोबरचा सगळा आवाज जातो कुठे, तर शेजारच्याच्या अंगावर. उडवणाऱ्याचा खांदा वाचतो, शेजारी पडलेल्याचा कान जातो. हे मला अरविंदनेच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जणू शेजारी दुसरंच कुणीतरी पडणार होतं. मी विचारलं, कशासाठी हे? तर म्हणाला उजवा खांदा धरलाय, फ्रोझन शोल्डर, जीपीने फिजिओ दिलाय. त्याला डायबेटिस होता, त्या वयात हे होतंच, म्हणून मी मान डोलावली. आयुष्यात ज्या मोजक्या गोष्टींवर मी शहानिशा न करता विश्वास ठेवला त्यातली ही एक. बाकी मात्र मला काही पटेना. मॉडरेटरनेही धक्का थोडा कमी होतोच. तर म्हणे तो टोकाला जड पडतो, हात थरथरतो. मग सहा महिने थांब, खांदा सुटू दे, असं मी सांगितलं. त्यावर तो पाना पुसत म्हणाला, "नाही रे, याच सीझनला जायचंय." एवढी घाई कसली, हे त्याने सांगितलं नाही.

ब्रेक बसवला त्या दिवशी मी तिथेच होतो. गॅरेजमध्ये रायफल व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरलेली, जबड्यांना चामड्याचे तुकडे. आधी नळीतून एक सरळ सळई घालून ब्रेकच्या भोकाच्या बरोबर मधून जाते का ते त्याने पाहिलं. तिथे केसभर फरक असला तर गोळी ब्रेकलाच घासते. मग खाचांची पाळी. त्या दोन्ही बाजूंना नेमक्या आडव्या हव्यात. पण आट्या काही आपल्या सोयीने संपत नाहीत, ब्रेक घट्ट होतो तेव्हा खाचा भलत्याच दिशेला पाहत असतात. म्हणून मागे कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या, आवळायचं, पाणसळ ठेवून बघायचं, पुन्हा सोडवायचं, चकती बदलायची. अख्खी दुपार हे चाललं. पाना त्याने डाव्या हातात धरला होता. शेवटी त्याने मला बोलावलं, "सीआयडी, बघून सांगा." मी वाकून पाहिलं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध होता. "सरळ आहे," मी म्हटलं. मग त्याने लाल रेघ ओढली, ब्रेकवरून नळीवर.

पहिल्यांदा तो घेऊन टेकडीवर गेलो तेव्हा माझ्या कानात बोळा होता आणि वरून कान झाकणारे इअर डिफेंडर. एवढा बंदोबस्त केल्यावर अरविंदची कुजबुज ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याचे ओठ हलताना दिसायचे, मी मान हलवायचो. बार झाला तेव्हा गालफडात कुणी सणसणीत ठेवून द्यावी तसं झालं, आणि कार्डिफला परत येताना सेव्हर्न नदीचा पूल ओलांडेपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. मी चिडून त्याला फोन केला. म्हटलं, माझ्याकडे एकच कान शिल्लक आहे, तो तुझ्या खांद्यापायी घालवू का? वाटलं, तो ब्रेक काढून ठेवेल. तो म्हणाला, "मग तू नको येऊस. गप्पा घरी मारू."

हे वाक्य मला फार लागलं. इतक्या वर्षांत त्याने मला 'नको येऊस' असं कधी म्हटलं नव्हतं. मी हिशेब मांडू लागलो. माझा कान त्याला ठाऊक, ब्रेकचा आवाज कुठे जातो ते ठाऊक, आणि तरीही त्याने नेमकी हीच वस्तू निवडली. माणूस नको असला की तोंडावर सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. बसायची जागा गैरसोयीची केली की तो आपोआप उठतो. दुसरा कुणीतरी सोबती मिळाला असणार, दोन्ही कान धड असलेला. त्यातून मंगळवारी फोन केला की वहिनी म्हणायच्या, हे नेमबाजीच्या रेंजवर गेलेत. ती रेंज मंगळवारी बंद असते. मी गाडी घेऊन बघायला गेलो नाही असं नाही. गेटला कुलूप होतं. वहिनी, ज्यांना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्याही या कटात सामील आहेत म्हटल्यावर मी फोन करणंच कमी केलं.

मग एक दिवस त्याचाच आला. "चल या वेळी. आता त्रास नाही व्हायचा तुला." काय केलंस, विचारलं तर नुसतं "तू ये तर" म्हणाला. मी गेलो, कुतूहल म्हणा, संशय म्हणा. त्याचं वजन उतरलं होतं; म्हणे नीलिमाने भात बंद केलाय. टेकडीवर चढताना तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा मला काहीतरी दाखवण्याचं निमित्त केलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, माती ओली होती. आम्ही आपापल्या जागी पडलो. बऱ्याच वेळाने एक नर झाडीबाहेर आला आणि अरविंदने बार काढला. तो नेमका बसला. पण त्याच क्षणी त्याच्या उजव्या अंगाला जमिनीतून चिखलाचा फवारा उडाला आणि अर्धा त्याच्या तोंडावर. चष्मा, मिशी, सगळं बरबटलं. तो थुंकत होता आणि हसत होता. माझ्या मनात आलं, याचा ब्रेक बिघडलाय किंवा हात तरी. तो चष्मा पुसता पुसता माझ्याकडे बघत होता. मी डिफेंडर काढल्यावर त्याने विचारलं, "कान कसा आहे?" मी म्हटलं, ठीक आहे आज. त्यावर तो इतका खूश झाला की परतीच्या वाटेवर गाडीत गुणगुणत होता. मला त्या खुशीचाही संशय आला. ती आमची शेवटची भेट.

त्याला मूत्रपिंडाचा कॅन्सर होता आणि तो उजव्या दंडाच्या हाडात उतरला होता. मंगळवारी रेडिओथेरपी असायची. हे सगळं वहिनींनी मला अंत्यविधीनंतर सांगितलं. अशा हाडावर रायफलीचा धक्का बसला तर हाड मोडतं. कुठलाही डॉक्टर त्याला रायफल उचलू देणार नाही, मी तर मुळीच दिली नसती. म्हणूनच मला सांगितलं नव्हतं. "डॉक्टरला सांगितलं की तो डॉक्टरच होऊन बसतो," असं तो म्हणाला होता म्हणे. मला त्याचा भयंकर राग आला. आजही आहे. कुठला हक्क होता त्याला, माझ्या वाट्याची काळजी परस्पर काढून घ्यायचा? आणि राग ओसरला की खाली जुना प्रश्न तसाच होता. त्याला एवढीच शेवटची वर्षदीड वर्षं उरली होती, तर त्यात मी शेजारी असावं असं त्याला वाटत होतं की नव्हतं? खांदा वाचवायला त्याने माझी जागा दिली होती, हे तर खरंच होतं.

लायसनवाला माणूस गेल्यावर रायफल घरात ठेवता येत नाही म्हणून ग्रॅहम नावाचा बंदुका दुरुस्त करणारा आणि विकणारा गृहस्थ ती रीतसर घेऊन गेला होता. विक्रीचं काय ते यांच्याशी बोला म्हणून वहिनींनी त्याला माझा नंबर दिला. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. ब्रेक वाकडा बसवलाय, म्हणाला, हे कुणाचं काम? मी म्हटलं शक्य नाही, मी स्वतः बुडबुडा पाहिलाय. म्हटलं कुणीतरी हात लावला असणार, आणि सरळ त्याच्या दुकानात गेलो.

ब्रेक खरोखरच तिरका होता. डावीकडच्या खाचा वर आभाळाकडे, उजवीकडच्या खाली मातीकडे. माझ्या मनात आधी आलं ते हेच की हातातला जोर गेला होता, शेवटचा थोडा वेढा त्याला आवळता आला नाही. मी तसं म्हटलंही. ग्रॅहमने दिवा जवळ ओढला आणि भिंग माझ्या हातात दिलं. नळीवर एक जुनी लाल रेघ होती, खरवडून काढलेली, पण धातूच्या बारीक ओरखड्यांत तिचा रंग राहिला होता. ती मी पाहिलेली रेघ. आणि तिच्या बाजूला दुसरी, नवी, ब्रेकवरून नळीवर अखंड गेलेली. कुठेही तुटलेली नाही. ढिला पडून फिरला असता तर रेघ तुटली असती, ग्रॅहम म्हणाला. हे मुद्दाम इथे आणून, आवळून, पक्कं केलंय. पण कशासाठी, ते त्याला कळत नव्हतं. यामुळे डाव्या अंगाचा आवाज थोडा वरच्या वर जाईल आणि उजवीकडे माती उडेल. बरं, आवाजात जो फरक पडेल तो कानाला कळण्याइतकाही नसेल. सरळ करून विकायचा का, त्याने विचारलं. मी नंतर सांगतो म्हटलं.

तिथून मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं की अरविंदसारखा माणूस, ज्याने मोजल्याशिवाय कधी रेघ ओढली नाही, त्याने न कळण्याइतक्या फरकावर सही कशी केली? त्याला तर हे आकडे माझ्यापेक्षा आणि ग्रॅहमपेक्षाही चांगले कळत होते.

वहिनी उठल्या आणि मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. दारामागे अरविंदचं एक हिरवं जॅकेट अडकवलेलं होतं. "हे घालून मी गेले होते टेकडीवर," त्या म्हणाल्या. मला आधी नीट समजलंच नाही. ज्या बाईने हरणाच्या मांसाला चौकट ओलांडू दिली नाही, ती टेकडीवर? "तुमच्या जागेवर झोपवलं मला. कानात ते बोळे, वरून ते हेडफोन. म्हणाले, दिलीपची जागा हीच, अगदी इथेच. पुढे कागदाचा एक चौकोन लावला आणि बार काढला. मग उठून ते काहीतरी फिरवायचे आणि परत. एका हाताने काम, किती वेळ लागत होता… घाम येत होता त्यांना. दर वेळी विचारायचे, आता? आता कमी वाटतो?"

"मग? होता कमी?"

"मला काय कळतंय भाऊजी त्यातलं. सगळे सारखेच. पण ते इतके दमले होते, पुन्हा आवळायला गेले तर हात वर होईना. तेव्हा मी म्हटलं, हो, आता पुष्कळ कमी आहे. खूपच. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. दिलीपभाऊजींना काही होणार नाही." त्यांनी जॅकेटची बाही हातात घेतली. "मग तिथेच गवतात बसून त्यांनी रेघ ओढली."

आयुष्यभर लोकांचं खोटं पकडणारा मी, आणि जन्मभर कुणाच्या सांगण्यावर भरवसा न ठेवणारा तो. ती रेघ त्याने बायकोच्या शब्दावर मारली होती, आणि तो शब्द खोटा होता. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. वहिनी उभ्या होत्या. जॅकेटच्या दोन्ही कोपरांवर चिखल वाळून पांढरा पडला होता, आणि त्या तो झटकत नव्हत्या.